गोल न झालेल्या दिवशीचा कुंदा

वडगाव, बेळगाव

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

दुपारपासून करंट गेलाय, माग बंद आहेत. फोनवर आपलं बोलणं 'जेवलास काय' आणि 'पैसे मिळाले काय' याच्या पुढं जात नाही, म्हणून वही घेऊन बसलोय.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवली होती, ती आधी सांगतो. गेल्या महिन्यात मी सुताच्या कामाला हुबळीला गेलो नव्हतो. राणी चेन्नम्मा एक्स्प्रेस धरून बेंगळुरूला आलो होतो. शांतीनगरच्या हॉकी स्टेडियममध्ये वरच्या पायरीवर बसून तुझ्या दोन्ही मॅच बघितल्या. मी आलोय हे कळलं तर तू माझ्याकडे बघत खेळशील असं वाटलं, म्हणून सांगितलं नाही. रागवू नकोस.

पहिल्या दिवशी तू केलेला दुसरा गोल अजून डोळ्यासमोर आहे. गोलासमोरच्या डीच्या डाव्या कडेला दोघांच्या मधून निघालास आणि स्टिक उलटी करून रिव्हर्सनं मारलास. शेजारी बसलेले एक म्हातारे गृहस्थ कन्नडमध्ये म्हणाले, हा पोरगा कुठला? मी म्हटलं, बेळगावचा. माझा, असं म्हणायला तोंड उघडलं होतं, पण घसा दाटून आला. त्यांना काय ठाऊक, हा हात टर्फवर तयार झालेला नाही. इथल्या लाल मुरमाच्या मैदानावर बॉल कुठंही उडायचा, तो अडवता अडवता तुझ्या मनगटाला ते वळण आलंय.

दुसऱ्या दिवशी तोच मुलगा मला मैदानात सापडेना.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये उजवीकडून चांगला बॉल आला होता. पाणी मारलेल्या टर्फवर तो झरकन आला, स्टिकवर थांबवताना तुझा ट्रॅप चुकला आणि गोलकीपरनं पायानं बाहेर काढला. तिथपर्यंत काही बिघडलं नव्हतं. पण नंतर तू कमरेवर हात ठेवून स्टिककडे बघत उभा राहिलास. त्यांचा हाफबॅक तुझ्या शेजारून बॉल घेऊन गेला. तुमचा कोडगूचा तो उंच मुलगा मागून ओरडत होता, "हिंदे बा, हिंदे बा!" म्हणजे मागे ये. तू वळलास, पण चालत. मी घड्याळ बघत होतो. त्या पाळीला तू सहा मिनिटं आत होतास आणि त्यातली जवळजवळ तीन तशीच गेली. मग बेंचवर बसलास, टॉवेल डोक्यावर घेतलास. पुढच्या पाळीला आत आलास तेव्हाही ते चुकलेलंच डोक्यात होतं, ते मला एवढ्या वरून दिसत होतं.

पूर्वी 35 मिनिटांचे दोन हाफ असायचे, खेळाडू रुसला तरी परत रंगात यायला वेळ असायचा. आता 15 मिनिटांचे चार क्वार्टर, आणि फॉरवर्डला तर पाच-सहा मिनिटांनी बाहेर काढतात. त्यात तीन मिनिटं राग धरून बसलास तर खेळणार कधी? तुझ्यात सातत्य नाही असं सगळे म्हणतात. मी दोन दिवस बघितलं, तुझा हात दोन्ही दिवशी तोच होता. फरक एवढाच की गोल झाला त्या दिवशी तू परत धावत येत होतास. हे मुद्दाम आठवून बघ.

आता माझी चूक. तू नववीत असल्यापासून गोल केलास की मी शहापुरातून गोड कुंदा आणायचो. गोल नाही झाला तर पिशवी रिकामी, आणि जेवताना माझं तोंड बंद. तुझी आई तेव्हाच म्हणायची, अहो, पोरगं ताटाकडे बघत नाही, तुमच्या तोंडाकडे बघतंय. मी ऐकलं नाही. बॉल गेला की तू जे उभं राहतोस, ते त्या ताटावरून शिकलास असं मला आता वाटतंय. याचा मला फार त्रास होतो.

1964 च्या टोकियो ऑलिंपिकची गोष्ट तुला लहानपणी शंभर वेळा सांगितली. आपल्या बेळगावचे बंडू पाटील त्या टीममध्ये होते, आणि गोलात मराठा लाइट इन्फंट्रीचे शंकर लक्ष्मण. मी नेहमी सुवर्णपदकावर येऊन थांबायचो. पण फायनल पाकिस्तानशी 1-0 अशी जिंकली होती रे. एक गोल झाल्यावर उरलेला सगळा वेळ तो राखायचा होता. ती अर्धी गोष्ट मी तुला कधी सांगितलीच नाही.

ताण्याची तार तुटली की मी माग थांबवतो, गाठ मारतो, पुन्हा चालू करतो. दिवसात किती वेळा, ते मोजत नाही. तुला याहून वेगळं काही शिकवण्याएवढं माझ्याजवळ नाही.

हे वर्ष मोठं आहे, ते तुला माहीत आहे. पुढच्या वर्षी तू ज्युनियरच्या वयातून बाहेर. रेल्वे म्हण, आर्मी म्हण, खेळाडू घेणारे आत्ताच बघून ठेवतात. मला रात्री झोप लागत नाही हे खरं आहे, पण ते ओझं तू घेऊ नकोस. मला एवढंच कर. मॅच झाली की फोनवर गोल किती ते सांगू नकोस. बॉल गेल्यावर किती वेळा मागे धावलास ते सांग. मी वहीत लिहून ठेवतो.

आईनं मेतकूट आणि शेंगांची चटणी डब्यात भरलीय. गुडघ्याला तेल लाव म्हणते. कोडगूच्या त्या मुलालाही चटणी दे, तो तुझ्यासाठी घसा फोडून ओरडत होता.

पुढच्या महिन्यात पुन्हा येतोय, या वेळी सांगून. कुंदा घेऊन येतो. मॅचच्या आधीच हातात देईन.

तुझा
बाबा