दिलीपला पत्र

सावदा, ता. रावेर

प्रिय दिलीप,

परवा फोनवर तुझा आवाज ऐकला आणि तेव्हापासून चैन नाही. डॉक्टरांनी वहिनींच्या नैराश्यावर चुंबकाचं मशीन सुचवलं आणि तुझ्या मनात विजेचे शॉकच आले. आमच्या दादाला याच उपचारासाठी नाशिकला न्यायचं ठरलं तेव्हा मायनेही हेच विचारलं होतं, "डोक्याले करंट देता का रे पोराच्या?"

तसं नाही रे. विजेच्या शॉकमध्ये भूल देऊन मुद्दाम फिट आणतात. इथे भूलही नाही, फिटही आणत नाहीत. डोक्याला टेकवलेल्या तारेच्या वेटोळ्यातून क्षणभर जोराचा प्रवाह सोडतात. त्याचं चुंबकीय क्षेत्र कवटीतून आत शिरतं आणि मेंदूच्या वरच्या दोन-तीन सेंटिमीटरच्या थरात बारीकसा प्रवाह उमटतो. आपण शाळेत घोकलेला फॅरेडेचा नियम तो हाच. १९८५ मध्ये शेफिल्डच्या अँथनी बार्करांनी हे पहिल्यांदा करून दाखवलं. नैराश्यावरचा उपचार म्हणून त्याला अमेरिकेत २००८ साली मान्यता मिळाली.

पहिल्या बैठकीत मी शेजारीच होतो. वेटोळं दादाच्या डाव्या कानाच्या वरच्या बाजूला धरलं, टक् आवाज झाला आणि मांडीवर निवांत ठेवलेल्या उजव्या हाताचा अंगठा उडाला. केळीचे घड वाहून घट्टे पडलेला तो हात, कित्येक महिने त्याने विळा धरला नव्हता. दादा अंगठ्याकडे बघतच राहिला. मशीनच्या किती जोरावर अंगठा हलतो त्यावरून ज्याचा त्याचा डोस ठरतो. मग वेटोळं पुढे, कपाळाच्या डाव्या बाजूला सरकवतात.

अंगाला काय होतं म्हणशील, तर आवाज मोठा असतो, म्हणून कानात बोळे देतात. टाळूवर टोचल्यासारखं होतं, भुवई फडफडते, कधी दातही वाजतात. सुरुवातीला दादाचं डोकं दुखायचं, पॅरासिटामॉलने थांबायचं. बैठक संपली की स्वतः चालत रिक्षात बसायचा. फिट येण्याचा धोका हजारात एकापेक्षाही कमी, पण आहे. म्हणून वहिनींची झोप मोडू देऊ नकोस आणि चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखव.

फरक लगेच दिसणार नाही. आठवड्यातले पाच दिवस, असे चार ते सहा आठवडे जावं लागतं, आणि सगळ्यांनाच गुण येतो असंही नाही. दादाला आधी झोप लागायला लागली. मग एका सकाळी चहा घेता घेता त्याने आपणहून विचारलं, "बागेला पाणी कोण देतंय?" माय उठून आत गेली आणि खूप वेळ बाहेर आली नाही. गोळ्या त्याच्या अजून चालू आहेत, पण आता तो रोज बागेत जातो.

वहिनींच्या कानाच्या ऑपरेशनचे कागद आजच शोध. आत धातूचं काही बसवलंय का, हे डॉक्टर सगळ्यात आधी विचारतील. तारीख ठरली की कळव. पहिल्या दिवशी मी तुमच्यासोबत येतो. मायने कळण्याच्या भाकरीचं पीठ दळून ठेवलंय, तेही आणतो.

तुझा,
रमेश