तो कागद तुझ्या हातानं लिहायचाय

सोलापूर
रविवार, रात्री

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, मी फादर व्हायला तयार आहे असं लिहायचं ते पत्र पुढच्या महिन्यात बिशपांना द्यायचंय," आणि मी लगेच जेवलास का म्हणून विचारलं. विषय बदलला हे तुला कळलंच असणार. फोनवर मला रडू येतं, मग तुझे पप्पा फोन घेतात आणि सोलापुरात ऊन किती पडलंय ते सांगत बसतात. म्हणून लिहायला बसले.

आज उपवासकाळाचा चौथा रविवार. फादरचा तो गुलाबी झगा वर्षातून दोनदाच निघतो, एकदा नाताळाआधी आणि एकदा आज. इस्त्रीला काढला तर खांद्यापाशी कसर लागलेली. आतून तुकडा लावून शिवला. मिस्साच्या प्रार्थनेला कुणाच्या लक्षात आलं नाही. पप्पांच्या आलं, पण ते रेल्वेत 33 वर्षं डबे तपासत होते, त्यांचं सोड.

चर्चच्या त्या कपाटाशी माझी ओळख तू बालवाडीत होतास तेव्हापासूनची. म्हाताऱ्या फादरनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, कॅलिस म्हणजे द्राक्षारसाचा पेला, तो पुसलेलं कापड थेट बादलीत टाकायचं नाही. आधी साध्या पाण्यात बुडवायचं आणि ते पाणी मोरीत न ओतता मातीत जिरवायचं. वेदीवरचं चौकोनी कापड आत घडी घालून नऊ चौकोन पाडायचे, म्हणजे प्रसादाचा कण राहिला असेल तर सांडत नाही. ते पाणी मी मागच्या जास्वंदीला घालते. भर मे महिन्यात तिला फुलं असतात. देवाची कृपा म्हण, नाहीतर रोजचं पाणी म्हण.

तर एवढी वर्षं मी फादर लोकांना मागच्या दारानं बघतेय. तुम्हाला सेमिनरीत दोन वर्षं तत्त्वज्ञान आणि चार वर्षं थिऑलॉजी शिकवतात, ते शिकवू देत. मी बघितलंय ते सांगते.

रेल्वे लाइन्समधले ते रिटायर्ड गार्ड आठवतात? 30 वर्षांत चर्चची पायरी चढले नव्हते. रात्री 2 ला त्यांची सून दार ठोठावत आली. आधीचे फादर स्कूटर काढून निघाले, खिशात आजाऱ्यांना लावायच्या पवित्र तेलाची ती डबी. पवित्र आठवड्यात बिशप पुण्यात तेल आशीर्वादित करतात, तेच वर्षभर सगळीकडे पुरवायचं. म्हाताऱ्याच्या कपाळाला, तळहातांना तेल लावलं. खोलीतून सगळ्यांना बाहेर काढून त्याचं कन्फेशन ऐकलं. मग घरच्यांना काही सुचेना, तर यांनीच स्टोव्हवर चहा टाकला. पहाटे माणूस गेला. फादर तिथून सरळ साडेसहाच्या मिस्साला उभे राहिले. मिस्सा झाल्यावर एक बाई मला म्हणते, आज प्रवचन फारच आटोपतं घेतलं हो फादरनी.

हे फादर कोकणी बोलणारे. मराठी शिकले विडीच्या कारखान्यातल्या तेलुगू बायकांकडून, म्हणजे अगदी आपल्या सोलापूरसारखंच बोलायचे. पप्पा त्यांना चिडवायचे, की अहो, 1616 साली इंग्लंडचा फादर स्टीफन्स मराठीत ख्रिस्तपुराण लिहून गेला आणि तुम्हाला अजून 'ळ' येत नाही. ते हसायचे. सहा वर्षं राहिले. मग पुण्याहून बिशपांचं बदलीचं पत्र आलं. दोन बॅगा, पुस्तकांची खोकी आणि बायकांनी दिलेल्या चादरी एवढंच सामान. जायच्या आदल्या दिवशीही दुपारी एका घरी मातीला गेले होते.

पण मला विचारशील तर अवघड आहे ते त्यांचं दुपारचं जेवण. ब्रह्मचर्याबद्दल तुम्ही खूप बोलत असाल, फादरच्या आधीची पायरी, डीकन, होतानाच ते जन्मभराचं वचन द्यायचं असतं, मला माहीत आहे. मी सांगतेय ती दुपारच्या साडेतीनची गोष्ट. शाळेच्या ॲडमिशनवाले, दाखलेवाले, नवऱ्यानं मारलेली एखादी, उसने पैसे मागणारा एखादा, असे सगळे जाऊन मग फादर ताटावर बसायचे. आमटी गार. कडक भाकरी हातानं चुरायची. स्टीलच्या तांब्याला टेकवून प्रार्थनेचं पुस्तक उघडं ठेवलेलं, कारण दुपारची प्रार्थना राहिलेली असायची. समोर माणूस नाही. मी एकदा म्हटलं, फादर, आमटी गरम करून देते. तर म्हणाले, बसा ना जरा, आज कुणाशी साधं बोललोच नाही. सकाळपासून निदान 40 माणसं त्यांच्याशी बोलून गेली होती.

ते मला झेपेल का, असं तू स्वतःला विचार. प्रवचन जमेल का हे नको विचारूस, ते जमतं.

आता जे राहिलंय ते. तू अडीच महिन्यांचा होतास तेव्हा न्यूमोनिया झाला होता. डॉक्टर म्हणाले, आजची रात्र निघू दे. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून देवाला बोलले, हा वाचला तर तुला दिला. तू वाचलास. गप्प बसले असते तर एक वेळ चाललं असतं, पण मी सगळ्या गावाला सांगितलं. तू चार वर्षांचा असताना बायका तुला 'छोटे फादर' म्हणायच्या. स्टीलची वाटी आणि पारले-जी घेऊन तू मिस्सा-मिस्सा खेळायचास आणि आम्ही शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचो. डॉक्टर-डॉक्टरही खेळायचास. ते बघायला मी कुणाला बोलावलं नाही.

2020 च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाला फादर दिब्रिटो अध्यक्ष झाले तेव्हा आम्ही एस.टी.नं गेलो होतो. मांडवात बसून माझ्या मनात काय आलं? माझा मुलगा. त्यांचं भाषण राहिलं बाजूला, मी माझंच बघत होते. 'फादरची आई' हा शब्द मला फार गोड लागतो रे.

मागच्या शुक्रवारी कन्फेशनला हे सगळं सांगितलं. कन्फेशनमधलं बोलायची बंदी फादरला असते, मला नाही, म्हणून सांगते. फादर म्हणाले, नवस जो बोलतो त्यालाच बांधतो, चर्चच्या कायद्यातच आहे. याजक हो म्हणून कुणी कुणावर जबरदस्ती करायची नाही, हेही कायद्यात आहे. म्हणून तर त्या मुलाला स्वतःच्या हातानं लिहून सही करून द्यावं लागतं, की मी आपल्या मर्जीनं येतोय. मी विचारलं, मग प्रायश्चित्त काय? मला वाटलं दहा वेळा रोझरी सांगतील. ते म्हणाले, मुलाला सांगा.

सांगितलं.

तू तो कागद लिहायला बसशील तेव्हा मी तिथं नाही असं समज. जिन्यात बसलेली ती बाई तर नाहीच नाही. मागे फिरलास तर इथं लोक बोलतील, महिनाभर बोलतील, मग कुणाच्या तरी पोरीचं लग्न मोडेल आणि तुझा विषय मागे पडेल. पप्पांचं मी बघते.

आणि ते कापड. दीक्षेच्या वेळी बिशप तळहातांना तेल लावतात, ते पुसलेलं कापड आईला द्यायची जुनी रीत आहे. ती मेली की तिच्या हातात देऊन पेटीत ठेवतात. तू मला हे पहिल्या वर्षी सांगितलं होतंस, तेव्हापासून मी मनात त्याची घडी घालतेय. आता नाही घालणार. सोलापूरच्या बाईला पेटीत ठेवायला कापडाचा काय तोटा?

शनिवारी सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं येतेय. कागद लिहून झाला असेल तर दाखवू नकोस, झाला नसेल तर मी विचारणार नाही. शेंगाचटणी आणि कडक भाकरी आणते. मागच्या वेळी तुझ्या खोलीतल्या केरळच्या पोराला मिळालीच नाही म्हणे. या वेळी त्याच्यासाठी वेगळी पुडी बांधलीय, तिखट कमी घालून.

तुझी,
आई