लॅब्राडॉरला खादाड म्हणण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जेवून तासही झालेला नसतो आणि लॅब्राडॉर पुन्हा ताटाशेजारी टक लावून बसतो. खापर फुटते त्याच्या ‘हावरट’ स्वभावावर, नाहीतर मालकाच्या लाडांवर. सुमारे चौथ्या हिश्श्याच्या लॅब्राडॉरांत खरे कारण मेंदूत असते.

मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधल्या काही पेशी पीओएमसी नावाचे मोठे प्रथिन तयार करतात. शरीरातल्या चरबीतून येणारे लेप्टिन त्यांना चेतवते. या प्रथिनाचे तुकडे होऊन लहान संप्रेरके सुटतात आणि ती भूक आवरतात. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६मध्ये दाखवले, की या लॅब्राडॉरांच्या पीओएमसी जनुकातली १४ अक्षरे गळालेली असतात. त्यामुळे प्रथिनाचे शेपूट तुटते. अशा सदोष जनुकातून बीटा-एमएसएच आणि बीटा-एन्डॉर्फिन ही त्यातली दोन संप्रेरके बनतच नाहीत. उंदरांत मुळातच बीटा-एमएसएच नसते, म्हणून प्रयोगशाळेतल्या उंदरांवरून त्याचे महत्त्व कळणे शक्यच नव्हते.

२०२४मधला निष्कर्ष मालकांनी जरूर ध्यानात घ्यावा. अशी कुत्री एका बैठकीत इतरांपेक्षा जास्त खात नाहीत, पण त्यांना दोन जेवणांच्या मध्ये लवकर भूक लागते. शिवाय विश्रांतीत त्यांची ऊर्जा सुमारे २५ टक्के कमी खर्च होते. म्हणजे पोट भरल्यावर थांबेल या भरवशावर भांडे भरून ठेवणे सर्वांत घातक.

खाद्य वाटीने नको, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्रॅममध्ये मोजावे. वाटी कधी सपाट भरते, कधी शिगोशीग. दिवसाचे माप तेच ठेवून ते तीन-चार वेळांत विभागावे. ३० किलोच्या कुत्र्याची विश्रांतीतली गरज दिवसाला सुमारे ९०० कॅलरी. तूप लावलेल्या दोन पोळ्यांत त्यातला पाचवा हिस्सा सहज संपतो. बक्षिसाचा खाऊ एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांवर जाऊ देऊ नये. बरगड्या चाचपून पाहाव्यात: पालथ्या हाताच्या हाडांसारख्या लागल्या तर ठीक, तळहातासारख्या मऊ लागल्या तर वजन जास्त. ते आठवड्याला एक-दोन टक्क्यांनीच उतरवावे. उपाशी ठेवण्याची शिक्षा नको. त्याची भूक खरी असते.

मात्र एरवी बेताने खाणाऱ्या कुत्र्याची भूक एकाएकी वाढली आणि तो पाणीही जास्त पिऊ लागला, तर रक्त-लघवी तपासून घ्यावी. तो मधुमेह किंवा कुशिंगचा आजार (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होणे) असू शकतो.

– एक पशुवैद्यक, पुणे