तिकिटं मोजा, आधार कार्डांचे फोटो कशाला?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

चुरशीच्या फुटबॉल सामन्याला पाहुण्या संघाचे किती समर्थक आत सोडायचे, हा प्रश्न आमच्या भागातल्या संयोजकांपुढं दर हंगामात उभा राहतो. अलीकडं त्यावर एक सोपं उत्तर रूढ होऊ लागलंय. तिकीट हवं तर आधार दाखवा, मोबाइल नंबर लिहा, कार्डाचा फोटो काढू द्या, आणि पत्ता 'बाहेरचा' निघाला तर परत जा. तिकिटांच्या संख्येला मर्यादा असावी, हे मलाही मान्य आहे. पण त्या निमित्तानं प्रेक्षकांची खासगी माहिती गोळा करायची आणि पत्त्यावरून माणूस कुणाच्या बाजूचा हे ठरवायचं, याला माझा ठाम विरोध आहे.

पत्त्याचंच आधी बोलतो, कारण सीमाभागात ती गोष्ट वेगळी आहे. निपाणीचा पोरगा मोटारसायकलला किक मारतो आणि कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम या तिथल्या फुटबॉल संघाची मॅच बघायला जातो. त्याच्याच गल्लीतला दुसरा पोरगा शिवाजी तरुण मंडळ या प्रतिस्पर्धी संघासाठी घसा कोरडा करतो. खानापूर, बेळगावची पोरं घाट उतरून मडगावला फातोर्ड्याच्या मैदानावर एफसी गोवाची मॅच बघून येतात. मुंबई सिटी आणि गोवा यांची गाठ पडते तेव्हा बेळगावातल्या एकाच घरात दोन तट पडतात, आणि बेंगळुरूला शिकायला गेलेला तिसरा कंठीरवा स्टेडियमवर बेंगळुरू एफसीचा निळा शर्ट घालून उभा असतो. या तिघांच्याही आधार कार्डावर पत्ता एकच, राज्य कर्नाटक आणि पिनकोड ५९० नं सुरू होणारा. त्यावरून कुणाला पाहुणा म्हणणार आणि कुणाला घरचा? कार्डावरचा पत्ता वाचून पुढचे प्रश्न विचारले जाण्याचा अनुभव आम्ही पिढ्यान्‌पिढ्या घेतोय. एखादा वाद चिघळला की दोन्ही राज्यांच्या बस बंद पडतात आणि सीमेवरच्या कोगनोळीला गाड्या अडतात, तेही सोसतो. निदान फुटबॉलच्या गेटवर तरी ते नको.

पत्त्यावरून बंदी घालण्याचा प्रयोग इटलीत वारंवार होतो. जानेवारी २०२३ मध्ये नापोली आणि रोमाच्या समर्थकांची महामार्गावर मारामारी झाली. सरकारनं दोन्हीकडच्या समर्थकांना दोन महिने बाहेरगावच्या सामन्यांना जायला मनाई केली. त्याच मार्चमध्ये नेपल्सला जर्मनीच्या फ्रँकफर्ट संघाशी सामना होता, तर फ्रँकफर्ट शहरात राहणाऱ्यांना तिकीटच विकायचं नाही, असा आदेश निघाला. काय झालं? शेकडो समर्थक तिकिटाविना नेपल्सला पोचले आणि दंगल शहराच्या रस्त्यांवर झाली, गाड्या जळाल्या. स्टेडियममध्ये ठरलेल्या स्टँडमध्ये बसले असते तर बंदोबस्ताला एक जागा तरी निश्चित असती.

याहून भयंकर उदाहरण इंडोनेशियाचं आहे. १ ऑक्टोबर २०२२ रोजी मलंगच्या कंजुरुहान स्टेडियमवर अरेमा आणि पर्सेबाया या हाडवैऱ्यांची मॅच होती. भांडण नको म्हणून पर्सेबायाच्या समर्थकांना प्रवेशच दिला नव्हता. म्हणजे पाहुण्यांसाठी मर्यादा शून्य. घरचा संघ हरला, काही प्रेक्षक मैदानात उतरले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, तोही स्टँडमध्ये बसलेल्या लोकांवर. बाहेर पडायला दारं अरुंद, काही नीट उघडीच नव्हती. १३५ माणसं मेली, त्यात लहान मुलंही होती. एकही पाहुणा समर्थक आत नसताना हे घडलं. आपल्याकडं बेंगळुरूत ४ जून २०२५ रोजी चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर ११ जण चेंगरून गेले, तिथं तर दुसरा संघच नव्हता, क्रिकेटमधल्या आरसीबीच्या आयपीएल विजयाचा आनंद होता. त्यानंतर राज्य सरकारनं गर्दी नियंत्रणाचं विधेयक आणलं. सगळे संयोजक धास्तावले, हे मी समजू शकतो. पण या दोन्ही ठिकाणी माणसं दारांमुळं आणि आखणीअभावी गेली. कुणाच्या आधारची नोंद असती म्हणून त्यातला एकही जीव वाचला नसता.

पाहुण्यांना वेगळं बसवणं मात्र जिवावरचं संकट टाळतं. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालचे समर्थक एकाच स्टँडमध्ये बसले होते. मैदानातली मारामारी वर पोचली, चेंगराचेंगरी झाली आणि १६ जण गेले. म्हणून जागा वेगळी, येण्याजाण्याचं दार वेगळं आणि आकडा आधी ठरलेला, एवढं हवंच. आपल्या पेठांमधली ईर्षा कधी कधी दगडापर्यंत जाते, हे आपल्याला माहीत आहे. पोलिसांना आधी आकडा कळला तर बंदोबस्त नीट लावता येतो.

आता माहिती गोळा करण्याचा प्रकार कसा चालतो ते सांगतो. आमच्या भागातल्या एका सामन्याला (मैदानाचं नाव घेत नाही) गेटवर टेबल टाकून एक मुलगा शंभर पानी वही घेऊन बसला होता. रकाने आखलेले होते: नाव, गाव, मोबाइल, आधार क्रमांक, आणि शेवटी 'कुणाचे?'. पुढच्यानं लिहिलेलं मागच्याला सहज वाचता येत होतं. माझी पुतणी रांगेत होती, तिनंही सगळं लिहिलं. दुसरा एक स्वयंसेवक स्वतःच्या मोबाइलवर कार्डांचे फोटो काढत होता. मध्यंतरात तो मुलगा चहाला गेला तेव्हा वही टेबलावर उघडी पडली होती, पानं वाऱ्यानं उलटत होती. दोन दिवसांनी पुतणीला अनोळखी नंबरवरून मेसेज सुरू झाले, 'मॅचला दिसलीस' म्हणून. तिनं नंबर ब्लॉक केला आणि नंतर मॅचला यायचंच सोडलं. तिला बॉलचं वेड माझ्यापेक्षा जास्त. मला याचा मनापासून संताप येतो.

कायदा काय म्हणतो तेही संयोजकांनी वाचावं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमतानं सांगितलं. ती याचिका करणारे के. एस. पुट्टस्वामी हे आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. २०२३ मध्ये संसदेनं डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. त्यातली मुख्य बंधनं टप्प्याटप्प्यानं लागू होणार आहेत. माहिती कशासाठी घेतोय ते आधी सांगायचं, गरजेपुरतीच घ्यायची, काम संपलं की पुसायची. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची संमती लागते, आणि आपल्या मैदानावर निम्मी गर्दी शाळकरी पोरांची असते. संमतीचा मजकूर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायला मिळण्याची सोय त्यात आहे, म्हणजे आमच्याकडं कन्नड आणि मराठी दोन्हीत. कागदी वही त्या कायद्याच्या कक्षेत थेट येत नाही, पण त्या पानाचा फोटो निघाला किंवा यादी संगणकात चढली की येते.

जगात माहितीचा वापर मर्यादेत ठेवणारे आहेत. डेन्मार्कमध्ये ब्राँडबी क्लबनं २०१९ मध्ये चेहरा ओळखणारे कॅमेरे लावले, तेही तिथल्या नियामकाची परवानगी घेऊन आणि फक्त बंदी घातलेल्या लोकांना ओळखण्यापुरते. तुर्कस्ताननं उलटं केलं. २०१४ पासून तिकिटासाठी बँकेशी जोडलेलं कार्ड सक्तीचं केलं आणि कित्येक समर्थकांनी स्टेडियमवर बहिष्कार टाकला.

मला इंग्लंडची पद्धत आपल्या मातीत रुजण्यासारखी वाटते. तिथं प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या क्लबला ३,००० तिकिटं मिळतात. स्टेडियम लहान असेल तर एकूण जागांच्या १० टक्के. ती तिकिटं पाहुण्या क्लबच्या हाती दिली जातात आणि तो क्लब आपल्या लोकांत ती वाटतो. आपल्या तालमींना हे जमणार नाही का? बाहेरगावचा सामना असला की संयोजकांनी तालमीला ठराविक तिकिटं द्यावीत. कुणाला द्यायची, कुणाला नाही, हे तालीम ठरवेल. गल्लीतला कोण पोरगा दंगा करतो, हे तालमीच्या म्हाताऱ्या पैलवानाला कुठल्याही कॅमेऱ्याआधी कळतं. तिकिटावर तालमीचा शिक्का आणि क्रमांक असला की पुरे. गडबड झाली तर जबाबदारी तालमीची, आणि पुढच्या सामन्याला तिची तिकिटं कमी. यजमानांना त्यातल्या एकाचंही आधार पाहायची गरज नाही.

संयोजकांनी या हंगामाआधी एवढं जाहीर करावं की पाहुण्यांसाठी किती तिकिटं आहेत, कुठला स्टँड आहे, गेट कुठलं. शिवाय मागच्या हंगामातल्या वह्या आणि मोबाइलमधले फोटो कुणाकडं आहेत, ते कधी नष्ट होणार, हेही सांगावं. प्रेक्षकांनाही माझी विनंती आहे. ओळखपत्र मागितलंच तर फक्त शेवटचे चार अंक दिसणारं मास्क्ड आधार दाखवा, ते आधारच्या संकेतस्थळावरून मोफत मिळतं. फोटो काढू लागला तर थांबवा आणि हा फोटो कुणाकडं जाणार ते विचारा. उत्तर मिळेपर्यंत कार्ड हातातून सोडू नका.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक
टिळकवाडी, बेळगाव