गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीच्या आशाताईंना

आशाताईंनो, सप्रेम नमस्कार.

कोविडमधून माणूस वाचला की नाव दवाखान्याचं होतं. पण तो कोणत्या अवस्थेत दवाखान्यात पोचला, हे तुमच्यावर होतं.

शहरात दम लागला तर रिक्षानं सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय, गाठता येतं. धनगरवाड्यावरून आधी डांबरी रस्त्यापर्यंत उतरायचं, मग गाडी शोधायची, आणि गगनबावड्यापासून पुढे पन्नासहून जास्त किलोमीटर. रक्तातला ऑक्सिजन 93 टक्के असताना निघालेला माणूस जीपमध्ये बसून येतो. 80 वर निघाला तर सिलिंडर लागतो. लहान 'बी' सिलिंडरमध्ये सुमारे 1500 लिटर असतात. मिनिटाला 5 लिटरनं पाच तास, 10 लिटरनं अडीचच. बेडसाठी गाडी दारात ताटकळली तर तोही संपतो.

'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या राज्याच्या मोहिमेत सप्टेंबर 2020 पासून तुम्ही घरोघरी बोटाला ऑक्सिमीटर लावलात. बसलेल्या माणसाचा आकडा घ्यायचा, सहा मिनिटं चालवायचं, पुन्हा मोजायचं. तीनपेक्षा जास्त उतरला किंवा 94 च्या खाली गेला तर वाट न बघता दवाखान्यात पाठवायचं. पावसात बोटं गार पडली की आकडा चुकतो, नखाला मेंदी किंवा नेलपॉलिश असलं तरी चुकतो. म्हणून आधी हात चोळून ऊब आणायची, आकडा स्थिर होईतो मिनिटभर थांबायचं. काळ्यासावळ्या त्वचेवर तर हे यंत्र खऱ्यापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवू शकतं, म्हणजे उन्हातान्हात राबणाऱ्यालाच ते खोटा धीर देणार! तिथं तुमचं श्वास मोजणं कामी आलं. पूर्ण एक मिनिट, पोटाकडे बघत. 24 किंवा जास्त भरले की आकडा काहीही असो, पाठवायचं.

आणि निघताना पिशवीत रेशनकार्ड, आधारकार्ड टाकायला सांगणं. मे 2020 मध्ये मोफत उपचारांची महात्मा फुले जन आरोग्य योजना सगळ्यांना खुली झाली, पण योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) गाठून कागद दाखवावे लागतात, हे वाडीवर तुमच्याशिवाय कोण सांगणार होतं? 2020 मध्ये खासगीत सरकारी दरानंही साधा बेड दिवसाला 4000 रुपये होता, व्हेंटिलेटरचा 9000. पीपीई आणि महागडी औषधं वेगळी. शेतमजुराच्या घरात तेवढ्यासाठी जनावर विकावं लागतं.

तुम्हाला केंद्राचा कोविड भत्ता होता महिन्याला 1000 रुपये. 15 जून 2021 पासून तुम्ही राज्यभर संपावर गेलात, तेव्हा "अशा वेळी संप?" असं विचारणारेही होते. मानधन वाढवण्याची तुमची मागणी रास्त होती. हे तेव्हाच मोठ्यानं म्हणायला हवं होतं. आज लेखी म्हणतो.

आरोग्यसेवेतले तुमचे सहकारी,
कोल्हापूर