आमचा विषय 'बसत नाही', साहेब

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

स.न.वि.वि.

मी शिरोळ तालुक्यातली. पर्यावरणशास्त्रात बी.एस्सी. केलं, मग एम.एस्सी. सध्या एका खासगी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासते. नोकरी आहे, पगार वेळेवर होतो. तेव्हा हा वशिल्यासाठीचा अर्ज समजू नये.

मध्यंतरी एका सरकारी भरतीत मी कागदपत्रं तपासणीपर्यंत पोहोचले होते. पद पाणी तपासण्याचंच होतं. टेबलामागच्या बाईंनी माझी गुणपत्रिका उलटसुलट करून पाहिली आणि जाहिरातीतल्या एका ओळीवर पेन टेकवलं : 'रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा समकक्ष'. म्हणाल्या, समकक्ष असल्याचा दाखला आणा. विद्यापीठात गेले. तिथं सांगितलं, समकक्षता भरती करणारं कार्यालय ठरवतं. कार्यालयात परतले, तर म्हणे ती विद्यापीठानं द्यायची असते. मी हट्टाला पेटून दोघांकडूनही हे लेखी घेतलं. तिसऱ्या फेरीला त्या बाई खरंच हळहळल्या. "काम तुमच्याच अभ्यासाचं आहे हो, पण तुमचा विषय बसत नाही."

या विषयाकडे मी वळले त्याला कारण आहे. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीच्या साथीनं माणसं गेली, तेव्हा मी शाळेत होते. आमच्याकडे पाणी उकळून प्यायची सवय तेव्हापासूनची. पुढं बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला पंचगंगेचं पाणी पहिल्यांदा बाटलीत भरलं. तीनशे मिलिलिटरची काचेची बाटली, बुडबुडा राहू न देता काठोकाठ भरायची, त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड सोडायचं. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो. नदी कोल्हापुरात शिरण्याआधी घेतलेल्या नमुन्यात तो छान तपकिरी बसला. खाली, आमच्याकडच्या तेरवाडच्या बंधाऱ्याजवळच्या नमुन्यात साका पांढराच राहिला. पांढरा म्हणजे प्राणवायू जवळजवळ नाहीच. अंघोळीच्या पाण्यात तो लिटरला किमान ५ मिलिग्रॅम हवा, असं मानक सांगतं. घरी येऊन वडिलांना दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे नदी नापास."

तीन वर्षांत असं बरंच केलं. राधानगरीच्या जंगलात दोरीनं एक मीटरचे चौकोन आखून रोपं मोजली. गणेश विसर्जनाच्या रात्री कोल्हापुरात पापाच्या तिकटीला ध्वनिमापक घेऊन उभे राहिलो. रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, आणि यंत्रावरचा आकडा शंभराच्या खाली यायला तयार नव्हता. साखर कारखान्याचं सांडपाणी शुद्धीकरण पाहिलं, नकाशे संगणकावर चढवले, पर्यावरण संरक्षण कायदा कलमांसकट वाचला.

ज्या सरकारनं हे सगळं शिकवलं, त्याच सरकारच्या जाहिरातींत हा विषय सापडत नाही. भारतीय वन सेवेचंच घ्या. त्या परीक्षेला बसायला पदवीला पशुवैद्यक, वनस्पतीशास्त्र, रसायन, भूशास्त्र, गणित, भौतिक, संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र यांपैकी एक तरी विषय लागतो, नाहीतर शेती, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी. यादीत पर्यावरणशास्त्र नाही. संगणक अभियंता जंगलाच्या परीक्षेला बसू शकतो. जंगलात चौकोन आखणारी मुलगी मात्र जोडीला यादीतला विषय असेल तरच बसू शकते. ही यादी केंद्राची आहे, तुमच्या हातात नाही, हे मला माहीत आहे. राज्याच्या जाहिराती तर आहेत.

दुसरी गंमत पाहा. पर्यावरणाचे खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. २००३ मध्ये पुन्हा बजावल्यावर विद्यापीठ अनुदान आयोगानं सगळ्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम काढला. त्याचं पाठ्यपुस्तक आपल्या पुण्याच्या डॉ. एरक भरुचांनी लिहिलं. पन्नास तासिका, त्यांतल्या पाच प्रत्यक्ष बाहेर जाऊन करायच्या, आणि त्या क्षेत्रकार्याला शंभरपैकी २५ गुण. कागदावर उत्तम. माझी मैत्रीण बी.ए.ला होती. तिचा 'नदी प्रदूषण' प्रकल्प कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळाला, मुखपृष्ठावर फक्त नाव आणि हजेरी क्रमांक घालायचा. तिला हा पेपर ज्यांनी शिकवला त्यांचा मूळ विषय वेगळा होता, वर्कलोड भरायला हा दिलेला. त्यांना दोष देत नाही. पण नेट आणि सेटला पर्यावरणशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे. म्हणजे शिकवायला पात्र माणसं आपण परीक्षा घेऊन तयार करतो आणि तास दुसऱ्यालाच देतो.

आता आमच्या बाजूचंही सांगते, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. त्या बाईंची शंका अगदीच निराधार नव्हती. आमची पदवी म्हणजे थोडं रसायन, थोडी वनस्पती, थोडा कायदा, थोडा भूगोल. नीट शिकवली तर त्यातून नदीकडे सगळ्या बाजूंनी पाहणारा माणूस तयार होतो. नाहीतर कशातच धड नसलेला. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायची बाटली कधी हातात न घेता पर्यावरणशास्त्राचा पदवीधर झालेली मुलं मला भेटली आहेत. अशा ठिकाणी नवी तुकडी द्यायच्या आधी एकदा प्रयोगशाळेचं कपाट उघडून बघायला सांगा. मात्र कच्च्या कॉलेजांची शिक्षा सगळ्या विषयाला नको.

आणि कामं नाहीत असंही नाही. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७-अ नुसार दरवर्षी ३१ जुलैपूर्वी आयुक्तांनी शहराच्या पर्यावरणाचा सद्यःस्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवायचा असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातले ३११ प्रदूषित नदीपट्टे होते आणि त्यांतले सर्वाधिक, ५५, एकट्या महाराष्ट्रात होते. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या खराब हवेच्या शहरांच्या यादीत कोल्हापूरही आहे. 'माझी वसुंधरा' अभियान ग्रामपंचायतींपर्यंत पोहोचलं, राज्याच्या पर्यावरण खात्याच्या नावात 'वातावरणीय बदल' आला. खात्याचं नाव बदललं तसं जाहिरातीतल्या पात्रतेच्या ओळीलाही दोन शब्द जोडता आले असते.

माझं मागणं मोठं नाही. पाणी, हवा, कचरा, ध्वनी यांच्या तपासणीच्या पदांसाठी पर्यावरणशास्त्राची पदवी चालते, असा एक शासन निर्णय सामान्य प्रशासन विभागाशी बोलून काढावा, म्हणजे कुणाला दाखल्यासाठी दोन दारांत चेंडूसारखं फिरावं लागणार नाही. सक्तीचा पर्यावरणाचा पेपर त्या विषयातल्या माणसाकडे द्यावा. पूर्णवेळ पद मंजूर होत नसेल तर सध्या तासिका तत्त्वावर का होईना. (तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांचे हाल हा वेगळ्या पत्राचा विषय आहे, आणि ते मजकडून लिहिलं जाईलच.)

एक गोष्ट राहिली. पंचगंगेत जलपर्णी दाटते, तेरवाडला मासे मरून तरंगतात, लोक फोन करतात. प्राणवायूचा नमुना जागेवरच रसायनं घालून पक्का करावा लागतो. उशीर झाला किंवा साध्या बाटलीत भरून नेला, तर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत आकडा बदललेला असतो. हे करायला दहा मिनिटं पुरतात आणि ते येणारी मुलं शिरोळ तालुक्यात आहेत. त्यांतली एक सध्या कापड दुकानात हिशेब लिहिते.

आपली विश्वासू,
पर्यावरणशास्त्राची एक पदवीधर,
ता. शिरोळ, जि. कोल्हापूर

सोबत : समकक्षता आम्ही देत नाही, असं कळवणारी दोन पत्रं. एक विद्यापीठाचं, एक कार्यालयाचं.