मनातल्या मनात दहापर्यंत मोज

प्रिय मित्रा,

तुझा निरोप मिळाला. डाउन सिंड्रोम असलेली आठ वर्षांची मुलगी तुझ्याकडे कीबोर्ड शिकायला येणार, आणि तू विचारतोयस, "मला जमेल का रे?" फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून कित्येक वर्षांनी पत्र लिहायला बसलोय. अक्षर लावून घे.

आधी माझी फजिती ऐक. डाउन सिंड्रोम असलेला माझा पहिला विद्यार्थी नऊ वर्षांचा होता. पहिल्याच तासाला मी म्हणालो, "अंगठा इथे ठेव, शेजारचं बोट तिथे, मग मधलं, आणि तिन्ही एकामागोमाग तीनदा वाजव." तो माझ्याकडे बघून गोड हसला. मला वाटलं, कळलं नाही. पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. मग वेगळ्या शब्दांत, मग आणखी सोपं करून. वीस मिनिटं गेली, एक पट्टी वाजली नाही. निघताना त्याची आई हळूच म्हणाली, "सर, तो वाजवायच्या तयारीत असतो, तेवढ्यात तुम्ही नवीन काहीतरी सांगता."

मला वर्मी लागलं. पण खरं होतं.

या मुलांच्या पेशींत २१व्या गुणसूत्राच्या बहुधा दोनऐवजी तीन प्रती असतात, एवढं तुला ठाऊक असेल. शिकवणाऱ्याला उपयोगाची गोष्ट वेगळीच आहे. नुसतं ऐकलेलं डोक्यात धरून ठेवणं यांना जड जातं, डोळ्यांनी पाहिलेलं त्या मानाने चांगलं टिकतं. त्यात अनेकांच्या मधल्या कानात द्रव साचतो, ऐकू येणं कमी-जास्त होत राहतं. गेल्या आठवड्यात ऐकलेला सूर आज नीट ऐकू आला नाही, तर तो हट्ट नसतो. तिच्या आईवडिलांना कानांची तपासणी कधी झाली ते आधी विचार. आणखी एक, या मुलांना जेवढं बोलता येतं त्यापेक्षा पुष्कळ जास्त समजतं. बोबडं बोलू नकोस, आठ वर्षांच्या मुलीशी बोलावं तसंच बोल.

पुढच्या तासाला मी गप्प बसायचं ठरवलं. एक सूर वाजवला, हात मांडीवर घेतला आणि मनात मोजायला लागलो. चारपर्यंत जीभ शिवशिवत होती. पाचला त्याने खिडकीकडे पाहिलं, मी जवळजवळ बोललोच. आठला त्याचं बोट आलं, नेमकं त्याच पट्टीवर. मित्रा, इतकी वर्षं मैफली वाजवल्या, पण विराम म्हणजे काय ते त्या आठ आकड्यांत कळलं.

आता हाताबद्दल. स्नायू सैल, सांधेही सैल, बोटं आखूड, करंगळी पुष्कळदा आत वळलेली. आपल्याला शिकवलेली ती गोलाकार, मुठीत चेंडू धरल्यासारखी ठेवण मी तीन महिने त्याच्यावर लादली. दाबलं की बोटाचं शेवटचं पेर मुडपायचं आणि तो वैतागायचा. शेवटी दोनच बोटांनी वाजवायची सूट दिली, तेव्हा कुठे गाणं सुरू झालं. सुरुवात काळ्या पट्ट्यांपासून कर. दोन आणि तीनचे त्यांचे गट उठून दिसतात, बोटाला चाचपताही येतात.

पट्ट्यांवर रंगीत टिकल्या चिकटवायचा सल्ला तुला सगळे देतील. चिकटव, पण सावध राहा. माझा पठ्ठ्या रंग वाजवायला शिकला, सूर नाही! एके दिवशी निळी टिकली पडली आणि अख्खं गाणं थांबलं. मग दर पंधरा दिवसांनी मी एकेक टिकली गुपचूप काढत गेलो. शेवटी एकच उरली, मधल्या सा वरची. ती अजून आहे, राहू दे.

अवघड आलं की ही मुलं तुला हसवून सटकतील, हे लिहून ठेव. माझा तो मध्येच उठून टाळ्यांसाठी वाकायचा. मी हसायचो आणि तास संपायचा. १८६६ मध्ये जॉन लँग्डन डाउन या इंग्रज डॉक्टरने या स्थितीचं वर्णन केलं. त्याची काही मतं आज वाचवत नाहीत, पण या मुलांची विनोदबुद्धी आणि नकलेची हातोटी त्यानेही टिपली होती. पुढे लंडनजवळ टेडिंग्टनला त्याने काढलेल्या संस्थेत १८७९ मध्ये चक्क नाट्यगृह उघडलं. नक्कल हीच खरी वाट आहे, सांगण्यापेक्षा करून दाखव.

घाई मात्र करू नकोस. सोळा मात्रांचं पहिलं गाणं बसायला आम्हाला पाच महिने लागले. मग सुट्टी आली आणि निम्मं पुसलं गेलं. मी खचलो, तो नाही. आता दर तासाची सुरुवात आम्ही त्याच गाण्याने करतो, क्रम कधी बदलत नाही. चुकून बदलला तर तो माझा हात उचलून बाजूला ठेवतो.

पहिला तास झाला की लगेच कळव. काय वाजवलं ते नको, तू कितीपर्यंत मोजलंस ते सांग.

तुझाच,
जुना साथीदार

ता. क. – तिचे पाय लोंबकळत ठेवू नकोस, पायांखाली लहान स्टूल दे. पाठ टेकायला आणि पाय टेकवायला आधार नसेल तर सगळी ताकद नुसतं बसण्यातच जाते. हे मला कळायला वर्ष लागलं.